आधी समोरच्या शटरवर पाडून बघा

प्रश्न : माझ्याकडे २०१८ची २२० सीसी क्रूझर आहे. राहतो कासारवडवलीला, नोकरी वसईत, परततो रात्री अकरानंतर. गायमुखच्या घाटात हेडलाइटचा उजेड पुरत नाही. गाडीत एच४ बल्ब आहे. ऑनलाइन एक सात इंची ‘हार्ले टाइप’ एलईडी हेडलाइट पाहिलाय, ३,२०० रुपयांचा. कडेने पांढरी रिंगही पेटते. मित्र म्हणतो, कशाला खर्च करतोस, शंभर वॉटचा बल्ब टाक. काय करू?
– एक वाचक, कासारवडवली

उत्तर : मित्राचं आधी निकालात काढू. तुमचा एच४ हा हॅलोजन बल्ब ६०/५५ वॉटचा, म्हणजे अप्परला (लांबच्या झोताला) ६०, डिपरला (जवळच्या, खालच्या झोताला) ५५. तो साधारण पाच अँपिअर ओढतो. १००/९०चा लावलात की आठच्या वर गेलात, आणि गाडीची वायर, स्विच, होल्डर यातलं काहीच त्या हिशेबाने बनवलेलं नाही. वागळे इस्टेटच्या माझ्या गॅरेजात वितळलेल्या होल्डरांचा एक बिस्किटाचा डबा आहे. कोणी शंभर वॉटचं नाव काढलं की मी न बोलता तो पुढे सरकवतो.

आता ३,२०० रुपये खर्च करण्याआधी दहा मिनिटांचं काम. इंजिन चालू ठेवून मल्टीमीटरने बॅटरीवर व्होल्टेज मोजा, मग बल्ब पेटता ठेवून होल्डरच्या पिनांवर मोजा. बॅटरीवर १३.८ आणि होल्डरवर १२.३ आलं, तर वाटेत दीड व्होल्ट गळतोय. ऐकायला किरकोळ वाटतं, पण हॅलोजनचा उजेड व्होल्टेजपेक्षा फार झपाट्याने खाली येतो. दीड व्होल्ट गेला की उजेडाचा जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. दोष बहुतेक वेळा हँडलवरच्या स्विचचा किंवा गंजलेल्या अर्थिंगच्या जोडाचा (वायर गाडीच्या सांगाड्याला जोडतात तिथला) असतो. तो जोड घासून घ्या आणि बॅटरीपासून फ्यूज घालून जाड वायर रिलेमार्गे (रिले म्हणजे विजेवर चालणारा स्विच) बल्बला द्या. हँडलच्या स्विचने मग फक्त रिले चालवायचा. खर्च काही शेकड्यांत.

दुसरं, डोम (हेडलाइटची काच आणि आरसा असलेला भाग) काढून आतला आरसा बघा. १ एप्रिल २०१७पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन सुरू असेपर्यंत पेटताच राहतो, म्हणजे तुमचा दिवा इतकी वर्षं भर दुपारीही तापलेला आहे. आरसा धुरकट झाला असेल तर कंपनीचाच नवा डोम घ्या. माझ्याकडे उजेडाची तक्रार घेऊन येणाऱ्यांतले निम्मे इथपर्यंतच थांबतात आणि खूश असतात.

एवढं करूनही एलईडीच हवा असेल, तर ‘हार्ले टाइप’ म्हणजे काय ते समजून घ्या. अमेरिकेत १९४०पासून मोटारींना सात इंची गोल सीलबंद दिवे आले. तेच माप जीपला, तेच हार्लेच्या मोठ्या गाड्यांना. म्हणून बाजारात त्या मापाचा पूर आहे. पण अमेरिकेत गाड्या उजवीकडून चालतात. डिपरचा झोत सरसकट सपाट कापलेला नसतो. कडेची पायवाट, माणसं दिसावीत म्हणून रस्त्याच्या कडेच्या बाजूला तो थोडा वर चढवलेला असतो. त्यांची कड उजवीकडे, आपली डावीकडे. तो दिवा इथे लावलात की वर चढलेला भाग थेट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत. नुसतं डीओटी, म्हणजे अमेरिकी नियमांची खूण, लिहिलेला दिवा म्हणून मी घेत नाही. काचेवर गोलात इंग्रजी ई (E) आणि आकडा, ही युरोपीय मान्यतेची खूण शोधा. शेजारी बाण असेल तर दिव्यासमोर उभं राहून तो तुमच्या उजवीकडे वळलेला दिसला पाहिजे. तो डावीकडून गाडी चालवणाऱ्या देशांसाठीचा. दोन्हीकडे टोकं असलेला बाणही चालेल.

खुणेवर पूर्ण विश्वास ठेवू नका, कारण ई छापायला फक्त शाई लागते. दुकानदाराला सांगा, बारा व्होल्टच्या बॅटरीवर लाव आणि झोत समोरच्या बंद शटरवर पाड. डिपरला वरची कड स्पष्ट कापलेली दिसली पाहिजे, आणि चढ असला तर तुमच्या डावीकडे. पूर्ण सपाट कडही चालते, मोटारसायकलींच्या कित्येक दिव्यांत ती तशीच असते. शटरभर चांदणं पडलं, तर पैसे खिशात ठेवा. जुन्या हॅलोजनच्या डोममध्ये एलईडी ‘बल्ब’ खोचला की नेमकं हेच होतं, त्याबद्दल विचारूही नका.

माप घेताना नुसती काच मोजू नका. ती सात इंची आहे की पावणेसहा इंची, हे तर बघाच, पण दिवा ज्यात बसतो त्या मागच्या भांड्याची खोलीही मोजा. एलईडीच्या पाठीला उष्णता बाहेर टाकणारा जाड धातूचा हीटसिंक असतो आणि तुमच्या भांड्यात वायरिंगचे कपलर कोंबलेले असतील. जबरदस्तीने बसवलेला दिवा पहिल्याच खड्ड्यात वायर चिरतो, आणि घोडबंदर रोडवर पहिला खड्डा यायला वेळ लागत नाही.

रंगाचं सांगतो ते स्वतःच्या चुकीवरून. काही वर्षांपूर्वी मीही निळसर पांढरा झगझगीत दिवा लावला होता. गायमुखच्याच वळणावर समोरचा टेम्पोवाला थांबला, उतरला. मला वाटलं शिव्या देणार. म्हणाला, “काका, तुमची गाडी मी धरतो, तुम्ही माझ्या सीटवर बसून बघा.” बसलो. पाऊस होता, समोर रस्ता असा नव्हताच, नुसता एक सूर्य होता. दुसऱ्या दिवशी काढून टाकला. ओल्या डांबरावर उजेड आरशासारखा पुढे निसटतो: आपल्याला रस्ता काळाच दिसतो आणि समोरचा आंधळा होतो. त्यामुळे जाहिरातीत ६५०० केल्विन लिहिलेला सोडा (हा आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर), ४३००च्या आसपासचा घ्या. रिंग नुसती शोभेची आहे, हवी तर असू द्या.

आणि मोटार वाहन कायद्यातलं कलम १८२अ माहीत असू द्या : परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीच्या कंपनीच्या अॅक्सेसरीत एलईडी हेडलाइट मिळत असेल तर थोडा महाग पडला तरी तोच घ्यावा, असं माझं मत.

बसवल्यावर झोत लावायचा तो गाडीवर स्वतः बसून, रोज मागे कोणी असेल तर त्यांनाही बसवून. सोसायटीच्या भिंतीपासून दहा मीटरवर उभे राहा. डिपरची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा दहा ते पंधरा सेंटीमीटर खाली हवी.

प्रश्न : नवीन एलईडी हेडलाइटच्या काचेला पहिल्याच पावसात आतून वाफ धरली. दुकानदार म्हणतो, चालतं. खरं का?
– एक वाचक, नेरुळ

उत्तर : नुसती वाफ असेल आणि गाडी चालवल्यावर हळूहळू जात असेल तर खरं. हॅलोजनने काच तापायची, वाफ लगेच उडायची. एलईडीची काच गारच राहते, म्हणून वेळ लागतो. पण थेंब ओघळून तळाशी पाणी साठत असेल, तर रबराचं सील गेलंय. बाहेरून सिलिकॉन फासू नका, हवेची भोकं बुजतील आणि पाणी आतच कोंडेल. पाण्याचा फोटो काढा आणि बिलासकट दिवा बदलून मागा.