‘पंचेचाळीसच? मग एक गेलं कुठं?’

कॅरिओटाइपचा, म्हणजे गुणसूत्रं मोजून बघणाऱ्या तपासणीचा रिपोर्ट हातात आला, त्यात ४६ ऐवजी ४५ आकडा दिसला की हा प्रश्न ठरलेला. माझ्यापर्यंत येण्याआधी मोबाइलवर शोधाशोध झालेली असते आणि तिथं ४५ म्हटलं की टर्नर सिंड्रोम (एक एक्स गुणसूत्र कमी असणं) पुढं येतो. तो मुलींमध्ये असतो, एवढं वाचायला कुणी थांबत नाही.

समीर आणि प्राजक्ता (नावं बदलली आहेत) हडपसरहून आले होते. लागोपाठ तीन गर्भपात, तिन्ही तिसऱ्या महिन्याच्या आत. सोबत सासूबाई. ‘हिच्या सगळ्या तपासण्या झाल्या, मॅडम. काही सापडतच नाही म्हणजे काय?’ सापडणार कसं? समीरचं रक्त कुणी घेतलंच नव्हतं. गर्भपात वारंवार होत असतील तर कॅरिओटाइप दोघांचा करतात. हिरव्या झाकणाच्या नळीत थोडं रक्त, बस्स. लॅबमध्ये पांढऱ्या पेशी तीन दिवस वाढवतात (त्यांना विभागायला लावणारं द्रव्य राजम्यातून काढलेलं असतं, हे ऐकून लोक जरा सैलावतात), ऐन विभाजनात थांबवतात आणि रंगवून गुणसूत्रांवरचे पट्टे बघतात.

प्राजक्ताची गुणसूत्रं ४६ निघाली, समीरची ४५.

मी फोटो त्यांच्याकडे वळवला. सगळ्या जोड्या नीट मांडलेल्या. एकविसाव्या जागी मात्र एकटंच गुणसूत्र. चौदाव्या जोडीत एक नेहमीचं, दुसरं लांबलेलं. त्यावर पेन्सिल टेकवली. ‘हे बघा, तुमचं २१ इथं आहे, १४ ला चिकटून.’ दोन वह्या एकत्र शिवल्या की मोजताना एक कमी भरते, मजकूर जिथल्या तिथं. जोडणीत दोन्हींची छोटी टोकं गळतात, पण त्यांतली जनुकं इतर गुणसूत्रांवरही असल्यामुळं समीर ठणठणीत आहे. याला रॉबर्टसोनियन ट्रान्सलोकेशन म्हणतात. रॉबर्टसन या अमेरिकन शास्त्रज्ञानं अशा जोडण्यांचं वर्णन १९१६ मध्ये केलं, तेही नाकतोड्यांवर काम करताना. माणसाची गुणसूत्रं ४६, हेदेखील त्यो आणि लेव्हान यांनी १९५६ मध्ये दाखवलं. त्याआधी पुस्तकांत ४८ छापलेली असत. तेव्हा नुसत्या आकड्याला मी कुणाला घाबरू देत नाही.

अडचण येते ती शुक्राणू तयार होताना. जोडलेलं एकीकडे आणि दोन्ही सुटी दुसरीकडे गेली तर सगळं ठीक. पण एखादं सुटं जोडलेल्याच्याच बाजूला गेलं की गर्भाला ते जास्त मिळतं, नाहीतर कमी पडतं. असे बहुतेक गर्भ टिकत नाहीत. २१ जास्त असलेला टिकला, तर बाळाला डाउन सिंड्रोम असतो. वडील वाहक असतील, म्हणजे अशी जोडणी त्यांच्यात असेल, तर ही शक्यता १ टक्क्याच्या आसपास, आई वाहक असेल तर १० ते १५ टक्के.

इतका वेळ गप्प बसलेली प्राजक्ता म्हणाली, ‘म्हणजे माझ्यामुळं नाही?’

‘कुणामुळंच नाही.’ हे मी मुद्दाम समीरकडं बघून म्हणाले. सुनेवरचा ठपका उचलून मुलावर ठेवायला घरच्यांना वेळ लागत नाही. सासूबाई पुटपुटल्या, ‘आमच्या घराण्यात असलं काही नाही.’ मी विचारल्यावर थोड्या वेळानं आठवलं, समीरच्या आधी त्यांचेही दोन गर्भ गेले होते. ‘तेव्हा कोण तपासतंय?’

मूल होईल का? अशा बऱ्याच जोडप्यांना धडधाकट मूल होतं. कधी मध्ये आणखी एखादा गर्भपात सोसावा लागतो. आयव्हीएफ करून भ्रूण तपासून घेता येतात, पण वडील वाहक असताना लगेच त्या खर्चात पडावं असं मला वाटत नाही. दिवस राहिले की ११ ते १३ आठवड्यांत वारेचा नमुना किंवा १६ आठवड्यांनंतर गर्भजल तपासता येतं. गर्भाच्या गुणसूत्रांत लिंगही दिसतं, पण १९९४ च्या कायद्यानुसार ते सांगता येत नाही. तसा फॉर्म सही करून द्यावा लागतो, हेही आधीच सांगितलं.

उठता उठता सासूबाईंनी खरी काळजी काढली. समीरच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरत होतं. ‘तिला यातलं काही कळू देऊ नका.’

मी परस्पर कुणाला काही सांगत नाही. रिपोर्ट समीरचा, सांगायचं त्यानं. पण सासूबाईंना एवढं स्पष्ट केलं: जोडणी आईवडिलांपैकी कुणाकडून आली असेल तर ती बहिणीतही असण्याची शक्यता निम्मी, आणि बाईमध्ये धोका जास्त. लग्नाला यानं काही बाध येत नाही. पण पहिल्या गरोदरपणाच्या आत तिला माहीत असलं, तर तपासणी वेळेत करता येते. आधी त्यांनी स्वतःचं रक्त द्यावं, असं सुचवलं.

‘माझं कशाला?’ म्हणत त्यांनी समीरकडं बघितलं. ‘आई, बहिणीला मीच सांगतो,’ तो म्हणाला.