कार्यक्रम रद्द करू नकोस

चि. लेखिकेस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या विनोदी मालिकेच्या आठव्या भागाचे, म्हणजे सिनेमाच्या प्रीमियरच्या भागाचे, तिन्ही शेवट वाचले. एकात निर्माता स्टेजवर रडतो, दुसऱ्यात पाऊस येऊन प्रीमियर बारगळतो, तिसऱ्यात सगळं स्वप्न निघतं. आणि खाली तू विचारलंयस, ‘शेवट गोड करू की कडू?’ अगं, प्रश्नच चुकला. गोड की कडू ते बघणारे ठरवतील. तू एवढंच बघ की कार्यक्रम रद्द होता कामा नये. तुझ्या तिन्ही शेवटांत तो रद्दच होतो. रडणं म्हणजेही रद्दच, कारण निर्मात्यानं डोळे पुसायला घेतले की सिनेमा दाखवायचं बाजूला राहतं.

‘द स्टुडिओ’, ती हॉलिवूडच्या एका सिनेमा कंपनीवरची विनोदी मालिका, दोनदा पाहिली म्हणतेस. मग तिच्या पहिल्या सीझनचा शेवटचा भाग कशावर उभा आहे ते पुन्हा बघ. 21 मे 2025 ला आलेला दहावा भाग. लास व्हेगासमध्ये सिनेमाकॉन, म्हणजे थिएटरमालकांचं वार्षिक संमेलन. कंपनी विकली जायच्या बेतात आणि ब्रायन क्रॅन्स्टननं केलेला सर्वोच्च साहेब नशेत, शुद्धीवर नाही. आणि त्याच वेळी, ज्यांच्या तिकीटखिडकीवर या धंद्याचं पोट आहे त्या लोकांसमोर पुढच्या सिनेमांचं सादरीकरण. तू नशेला हसलीस. तोच साहेब तसाच घरी सोफ्यावर पडला असता तर गंमत दोन मिनिटांत संपली असती. सादरीकरण पुढं ढकलता येत नाही, म्हणून तो भाग धावतो. आणि नशा आली कुठून? आदल्या भागात नायकानंच ठेवलेल्या पार्टीतून. सगळ्यांनी आपल्याला चांगलं म्हणावं ही त्याची हाव पहिल्या भागापासून पेरलेली आहे. पाऊस आभाळातून येतो, अडचण नायकाच्या हातून आली पाहिजे. तुझा पाऊस काढून टाक.

आता तुझ्या गोष्टीकडे. लातूरचं थिएटर, संध्याकाळी 7 चा प्रीमियर, चारशे निमंत्रित. जागा उत्तम निवडलीस. पण हा प्रीमियर रद्द का होऊ शकत नाही, हे तू कुठंच लिहिलेलं नाहीस. त्याला कुलपं घाल. एक पुरत नाही, तीन लागतात: पैशाचं, माणसाचं आणि अब्रूचं. पैशाचं म्हणजे थिएटरचं भाडं भरलंय, ते परत मिळत नाही. माणसाचं म्हणजे पालकमंत्री उदगीरहून निघालेत आणि वितरक तिसऱ्या रांगेत बसून आज रात्रीच किती शो लावायचे ते ठरवणार आहे. अब्रूचं म्हणजे निर्मात्याचा सासरा गावाकडून जीप भरून माणसं घेऊन आलाय. ही तिन्ही कुलपं पहिल्या चार पानांत लागली पाहिजेत, अडचण सुरू होण्याआधी. उशिरा लावलंस तर बघणारा विचारत बसतो, ‘अहो, उद्या करा की!’ हा प्रश्न एकदा त्याच्या मनात आला की पुढचा एकही विनोद लागत नाही.

मग अडचण. डीसीपी, म्हणजे थिएटरला जाणारी सिनेमाची कुलूपबंद डिजिटल प्रत, तिच्या किल्लीची कल्पना तुला सापडलीय आणि तू ती एका ओळीत उडवून लावलीस, याचा मला खरंच राग आला. तुझ्या हातातलं सगळ्यात चांगलं बी ते. किल्ली म्हणजे केडीएम, ती प्रत उघडणारी छोटी फाईल, आणि ती एकाच सर्व्हरसाठी, म्हणजे एकाच पडद्याच्या सिनेमा चालवणाऱ्या यंत्रासाठी बनते. तिला सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ असते. पडदा 2 च्या सर्व्हरची किल्ली पडदा 1 ला चालत नाही. तर असं कर. तिसऱ्या भागात निर्माता भाडं वाचवायला 120 खुर्च्यांचा पडदा 2 ठरवतो आणि किल्ली बनवणाऱ्या लॅबला तोच नंबर कळवतो. सातव्या भागात मंत्री येणार कळल्यावर मिजाशीत मोठा पडदा 1 घेतो आणि लॅबला कळवायचं विसरतो. झालं. 6 वाजून 35 मिनिटांनी ऑपरेटर खाली येऊन सांगतो, ‘साहेब, पिक्चर लागत नाही.’

इथं जाणकार प्रेक्षक लगेच म्हणेल, नवी किल्ली मागवा की, ई-मेलवर येते, फाईल एवढीशी असते. ही फट बुजव, पण खोट्या कारणानं नाही. लॅबची बाकी थकलेली असते. या धंद्यात किल्ली पैशापायीही अडते. लॅबवाला म्हणतो, आधी बाकी भरा. बाकी भरायला निर्माता कुणाकडे जाणार? ज्या वितरकापासून हे लपवायचंय त्याच्याकडेच. किल्ली मिळाली तरी सिनेमा अजून पडदा 2 च्याच सर्व्हरवर चढवलेला असतो. हार्ड डिस्कवरून दुसरीकडे चढवायला सहज अर्धा-पाऊण तास जातो, कधी त्याहून जास्त. तेवढा वेळ स्टेजवर कुणीतरी बोलत राहिलं पाहिजे. आता तुझ्याकडे भाषणाला कारण आलं! आधीच्या मसुद्यातलं मराठी सिनेमाच्या दुर्दशेवरचं तुझं दोन पानांचं भाषण निर्जीव होतं, कारण ते तुला म्हणायचं होतं. तेच भाषण, मागं सिनेमा चढेपर्यंत माइक सोडता न येणाऱ्या नटाच्या तोंडी घाल. अनुदानाचा ‘अ’ दर्जा, ‘ब’ दर्जा, मल्टिप्लेक्समधला दुपारी 12 चा शो, सगळं येऊ दे. शब्द तेच राहतील, पण आता त्याला घाम फुटलेला दिसेल.

प्रत्येक तोडग्यातून पुढची अडचण निघाली पाहिजे. चार-पाच पानांच्या अंतरानं असे पाच टप्पे बसतात. 30 पानांच्या भागात याहून जास्त टप्पे घुसवलेस तर माणसं नुसती पळत राहतात, त्यांचे चेहरे दिसत नाहीत. एका टप्प्याचा तोडगा फुकट लागला, त्यातून नवं काही बिघडलं नाही, तर तो टप्पा फाड. आणि पात्रांची यादी समोर ठेवून प्रत्येकाला विचार: हा आत्ता उठून घरी गेला तर याचं काय जाईल? काहीच जात नसेल तर त्याला या भागात आणूच नकोस. तुझी मेकअपवाली मला आवडते, पण तिचं काही अडकलेलं नाही. तिचे चार महिन्यांचे पैसे थकव, मग ती थांबेल.

भाषेचं थोडक्यात. माइकवर सगळे पुणेरी बोलतात हे बरोबर टिपलंस. पण फोयरमध्ये, म्हणजे बाहेरच्या दालनातही ते तसेच बोलतात, ते चूक आहे. घाबरलेला निर्माता ‘आपण काय करत आहात’ म्हणेल होय? तो म्हणेल ‘काय करू लालाव तुमी!’ माइक चुकून चालू राहिल्याचा विनोद मात्र करू नकोस, तो सगळे करतात.

अख्खा भाग एका शॉटमध्ये घ्यायचा हट्ट सोड. ‘द स्टुडिओ’त लांबलचक सलग शॉट आहेत हे खरं, पण सलग शॉटमध्ये रेंगाळलेला विनोद एडिटिंगला कापता येत नाही. वेग तालमीतच बसवावा लागतो. तुला परवडेल असा एकच ठेव: फोयरपासून प्रोजेक्शन रूमच्या जिन्यानं वर, तीन मिनिटांचा. पूर्ण एक दिवस नुसती तालीम, फोनवर वेळ लावून. जमिनीवर टेपच्या खुणा. थिएटर पहिल्या शोच्या आधीच मिळेल, म्हणजे सकाळी 6 ते 11. आत अंधारच असतो, पण फोयरच्या काचांना काळं कापड लाव, नाहीतर प्रीमियरच्या रात्री बाहेर ऊन दिसेल. एसी बंद करून घे, त्याची घरघर संवादाखालून निघत नाही. कॉलरला लावायच्या लेपल माइकच्या बॅटऱ्या उतरण्याआधीच बदल. जिन्यावर आवाज घुमतो, म्हणून तिथं संवाद कमी ठेव आणि धाप जास्त.

तू लिहिलंस की या धंद्यावर इतकं हसलो तर तो आपल्याला आत घेणार नाही. पैठणच्या नाथांचं विंचवाचं भारूड आठव. त्यात बोंबलणारा तोच असतो ज्याला विंचू चावलाय. तुझा निर्माता लबाड आहे, पण त्याला तो सिनेमा पडद्यावर लागलेला बघायचाच आहे, कुणापेक्षाही जास्त. ती तहान खरी ठेवलीस तर हसणं कुणाला बोचणार नाही. कार्यक्रम रद्द केलास की नेमकी तीच तहान मारली जाते. म्हणून मी इतका हेका धरतोय. याच एका मुद्द्यावर मी कित्येकांशी कडवट झालो आणि काही माणसं त्यात तुटली, त्याची खंत आहे. मुद्दा मात्र मी सोडलेला नाही आणि सोडणारही नाही. रद्द झालेल्या कार्यक्रमावर बेतलेला विनोदी शेवट मला आजवर एकदाही उभा राहिलेला दिसला नाही.

सिनेमा लागतो की नाही? लागतो. कदाचित मध्यंतरानंतरचा भाग आधी. कदाचित पडदा 2 वर, 120 खुर्च्यांत चारशे माणसं आणि मंत्री पायरीवर. ते तू ठरव.

पुढच्या पत्रात पूर्ण भाग पाठवू नकोस. फक्त तीन कुलपं आणि पाच टप्पे, एका पानावर, रविवारपर्यंत.

तुझा,
काका