साताऱ्यातून दक्षिणेकडच्या तेजोमेघांचे, तारकागुच्छांचे फोटो निघतात का, की लडाखलाच जावं लागतं? कॅमेरा कोणता घेऊ?

निघतात. आणि दक्षिणेच्या आकाशासाठी लडाखला जाणं म्हणजे उलट्या दिशेचा प्रवास, हे मी सांगून सांगून थकलोय.

सातारा साधारण 17.7 अंश उत्तरेला, लडाखमधलं हानले जवळपास 33 वर. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ आपल्याकडे दक्षिणेला 25 अंशांच्या आसपास चढतो, हानलेत जेमतेम 10. कॅरिना तेजोमेघ इथं 12 अंशांपर्यंत येतो, हानलेत तो उगवतच नाही. आकाश कितीही काळं असू दे, क्षितिजाखालचं कोण टिपणार?

आमच्याकडच्या एका आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात मी नेमकं हेच विचारलं होतं. बाहेरून आलेले वक्ते म्हणाले, "तुमच्या दक्षिणेला उसाचा धूर आणि हायवेचे दिवे, दुसरं काय मिळणार?" लोक हसले. मला ते फार लागलं.

त्याच एप्रिलमध्ये अमावास्येच्या दोन-तीन दिवस आधी चाळकेवाडीच्या पठारावर गेलो. पवनचक्क्या तिथं उगाच नाहीत. 135 मिमीच्या लेन्सवर वाऱ्याचा एक झोत आला की तारे लांबट होतात. ट्रायपॉडचे पाय पूर्ण मिटवले, मधे दगडांची पिशवी टांगली आणि एका गोठ्याच्या भिंतीच्या आडोशाला ट्रॅकर, म्हणजे ताऱ्यांच्या गतीनं कॅमेरा फिरवणारं यंत्र, लावला. गोठ्याचे मालक बॅटरी मारत आले. "शूटिंग हाय का?" म्हटलं, मामा, आधी बॅटरी विझवा, मग दाखवतो. तेवढ्यात ओमेगाची एक मिनिटाची फ्रेम स्क्रीनवर आली. मधे गच्च पांढरं, कडेला दाणे सुटे सुटे. ते वाकून म्हणाले, "कापसाचं बोंड फुटल्यागत दिसतंय की."

मी सांगितलं, यात जवळपास एक कोटी तारे आहेत, आणि हा उजेड तिथून निघाला 17,000 वर्षांपूर्वी, माणूस शेती करायला लागला त्याच्याही आधी. ते तिथंच उकिडवे बसले. पहाटे चंद्रकोर वर येईपर्यंत हलले नाहीत, प्रत्येक फ्रेम बघायला मागत होते.

घरी येऊन डार्क, फ्लॅट (कॅमेऱ्याचे आणि लेन्सचे दोष काढायच्या फ्रेम) लावून सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या फ्रेम स्टॅक केल्या, म्हणजे एकावर एक रचून एक फोटो केला. गाभ्याच्या अगदी जवळपर्यंत तारे वेगळे झाले. तो फोटो त्या वक्त्यांना पाठवला. उत्तर आलं, "छान. पण एकदा हानलेला जाच." अक्षांशाचा मुद्दा त्यांना आजही पटलेला नाही.

कॅमेऱ्याचं म्हणाल तर वापरलेली क्रॉप सेन्सर (लहान सेन्सरची) बॉडी चालते. पैसे ट्रॅकरवर घाला. आपल्याकडे ध्रुव 18 अंशांच्याही खाली असतो, म्हणून उत्तरेला डोंगर नसलेली जागा बघा, नाहीतर पोलर अलाइनमेंटच, म्हणजे ट्रॅकरचा अक्ष ध्रुवाकडं लावणं, होणार नाही. अक्ष इतका कलता असला की काउंटरवेट, म्हणजे तोल साधायचं वजन, ट्रायपॉडच्या उत्तरेकडच्या पायाला अडतं, म्हणून एक पाय बरोबर दक्षिणेला ठेवा. ट्रॅकर नसेल तर 135ला दोन-अडीच सेकंदांच्या पुढं जाऊ नका. शेकड्यांनी फ्रेम घ्या.

एक मात्र खरं. 12 अंशांवर हवेचा थर चौपटीहून जास्त असतो, त्यामुळे कॅरिना इथून तांबूस आणि मऊ येतो, परदेशातल्या फोटोंसारखा धारदार नाही. मार्चमध्ये वणवे लागले की तोही जातो. देवयानीसारख्या उत्तरेकडच्या दीर्घिकांसाठी हानले उत्तम आहे, तिथं माझा वाद नाही.

कॅरिना मार्चच्या मध्याला रात्री बाराच्या सुमारास दक्षिणेला येतो, ओमेगा एप्रिलच्या मध्याला साडेबाराला. मेच्या मध्याला ओमेगा साडेदहालाच सगळ्यात वर असतो, पण तोवर वळिवाचे ढग जमायला लागतात. तेव्हा एप्रिलची अमावास्या धरा, आणि ज्याच्या रानात बसाल त्याला दिवसाउजेडी विचारून ठेवा.