कितीही पाप करा, येशूवर विश्वास ठेवला की सगळं माफ, असं ख्रिश्चन लोक खरंच मानतात का? मग चांगल्या कर्मांना काय अर्थ?

मी नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातला, घरातली ख्रिस्ती झालेली चौथी पिढी, शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चमध्ये मुलांना बायबल शिकवतात तिथे, लहानपणापासून हेच ऐकत आलो आणि तरी ते नीट उमगायला मला तिशी उजाडली, त्यामुळे तुमचा प्रश्न मला अजिबात चुकीचा वाटत नाही. उलट तो फार जुना आहे. येशूचा प्रेषित पौल याने बायबलमधल्या रोमकरांस पत्रात हाच प्रश्न स्वतः मांडलाय, की कृपा, म्हणजे लायकी नसताना देवाने केलेली मेहेरबानी, वाढावी म्हणून आपण पाप करतच राहायचं का, आणि लगेच सांगितलंय की मुळीच नाही.

देवाने पापातून सोडवून आपल्याला स्वीकारणं, याला आमच्याकडे तारण हा शब्द आहे. आता मराठी माणसाला तारण म्हटलं की आधी सोनेतारण कर्ज आठवतं, म्हणजे आपण आपलं काहीतरी ठेवायचं तेव्हा समोरचा देणार. पुष्कळ लोक देवाशी असाच व्यवहार करतात, मीही करायचो, इतकी प्रार्थना केली, इतका दानधर्म केला, आता माझं बघ. बायबल सांगतं की तुझ्याकडे ठेवायला काहीच नाही, तुझ्या वतीने येशूने वधस्तंभावर स्वतःचा जीव ठेवला, तू फक्त हात पुढे करून घे. इफिसकरांस पत्राच्या २ऱ्या अध्यायात स्पष्ट आहे की तारण कृपेने होतं, ते देवाचं दान आहे, आपल्या कर्माने मिळवलेलं नाही, म्हणजे कोणाला मिरवायला जागाच नको.

मग कर्मं कुठे येतात? ती नंतर येतात. लूकच्या शुभवर्तमानात, म्हणजे लूकने लिहिलेल्या येशूच्या चरित्रात, यरीहो गावच्या जक्कयाची गोष्ट आहे, हा मुख्य जकातदार, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला, बुटका म्हणून येशूला बघायला उंबराच्या झाडावर चढला. येशू खाली थांबला आणि म्हणाला, लवकर उतर, आज मला तुझ्या घरी उतरायचंय. आधी पैसे परत कर मग येतो असं नाही म्हणाला. आणि त्यानंतर जक्कय आपणहून म्हणतो की माझी अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला फसवलं त्याला चौपट परत करतो. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं अख्खं उत्तर या क्रमात आहे.

तुम्ही पंडिता रमाबाईंबद्दल ऐकलंच असेल. इंग्लंडमध्ये असताना तिथल्या सिस्टर्सनी, म्हणजे ख्रिस्ती संन्यासिनींनी, त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातलं एक घर दाखवलं, समाजाने वाया गेलेल्या म्हणून टाकलेल्या बायकांना तिथे मायेने सांभाळत होते. असं कुठे बघितलंच नव्हतं, म्हणून रमाबाईंनी विचारलं की हे का करता, तेव्हा एका सिस्टरने त्यांना येशू आणि शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली, बाकीचे जिला कमी लेखायचे तिच्याशी येशू आपणहून बोलला ती. १८८३ साली रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला, पण पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना कळलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळालाच नव्हता. एवढी विद्वान बाई, संस्कृत मुखोद्गत, तिला आठ वर्षं लागली! आणि त्यानंतर बघा किती काम झालं, १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली आणून वाचवल्या, केडगावचं मुक्ती मिशन उभं केलं, तिथे फुलहॅमसारखंच एक घर काढलं आणि त्याला नाव दिलं कृपासदन. तारण मिळावं म्हणून नाही केलं हे, मिळालं होतं म्हणून केलं.

मग आयुष्यभर पाप करून मरताना माफी मागितली तरी चालेल का, असंही लोक विचारतात. येशूच्या शेजारी वधस्तंभावर टांगलेल्या गुन्हेगाराला शेवटच्या घटकेला सुखलोकाचं, म्हणजे स्वर्गाचं, वचन मिळालं हे खरं आहे, त्याला एकही चांगलं काम करायला वेळ नव्हता. पण शेवटी बघू असा हिशोब करून तो जगला होता असं तिथे काही दिसत नाही, समोर आलेली पहिलीच संधी त्याने घेतली. जो आज ठरवून उद्यावर ढकलतोय त्याला मुळात पश्चात्तापच झालेला नाही, आणि पश्चात्ताप म्हणजे मन फिरणं, नुसतं सॉरी नाही.

विश्वास आणि कर्म यावरून चर्चमध्येही जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या काळापासून, म्हणजे १५१७ पासून मोठी भांडणं झाली, पण ३१ ऑक्टोबर १९९९ ला जर्मनीतल्या ऑग्सबर्गमध्ये कॅथलिक आणि लुथरन, म्हणजे ल्यूथरच्या परंपरेतल्या, लोकांनी एकत्र सह्या करून मान्य केलं की देव आपल्याला स्वीकारतो ते कृपेनेच आणि सत्कर्मं ही त्याची फळं आहेत.

आता मला स्वतःला कसं कळलं ते सांगतो. माझ्या वडिलांनी चुलत्यांच्या बाजूला बांध सरकवला होता, फार नाही, दोन-तीन फूट, पण नऊ वर्षं दोघं बोलत नव्हते. महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या मरणाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षरस घ्यायची, वेळ आली की वडील हळूच उठून बाहेर जाऊन उभे राहायचे, भाकर घ्यायची हिंमतच व्हायची नाही. एकदा चर्चचे पाळकसाहेब बाहेर येऊन त्यांना एवढंच म्हणाले की लायक झाल्यावर येणार असाल तर आपल्यापैकी कोणालाच येता येणार नाही. त्या रविवारी वडिलांनी रडत प्रभुभोजन घेतलं, मी शेजारीच होतो. आणि मंगळवारी सकाळी टिकाव-फावडं घेऊन गेले आणि बांध होता तिथे परत घातला, चुलते आपल्या शेतात उभे राहून बघत होते, मग थोड्या वेळाने तेही आपलं फावडं घेऊन आले.