जुन्या फायबरग्लास एंटरप्राइजच्या तळावर नवे थर चढवावेत का?

आपण लिहिले आहे की, मांडव्याला उभी असलेली सुमारे तीस वर्षांपूर्वीची फायबरग्लासची एंटरप्राइज ही दोन जणांची शिडाची होडी आपण विकत घेतली असून तासाभराच्या फेरीनंतर तिच्या डाव्या हवाबंद (होडी तरंगती ठेवणाऱ्या) टाकीतून बादलीभर पाणी निघते, मागची फळी सुकाणूच्या बिजागऱ्यांपाशी दाबल्यास मऊ लागते, आणि मच्छीमारांच्या होड्या करणाऱ्या एका कारागिराने संपूर्ण तळावर मॅटचे (न विणलेल्या काचतंतूंच्या चटईचे) दोन थर चढवून रंग देण्याचा सल्ला दिला आहे. हे काम कृपया करून घेऊ नका, असे मी आग्रहाने सांगेन.

कारागिराचा सल्ला त्याच्या होडीपुरता योग्यच आहे. ती होडी इंजिनावर चालते आणि रोज वाळूवर ओढली जाते, त्यामुळे तेथे जाडी हेच बळ असते. एंटरप्राइजचा हिशेब वेगळा आहे. साडेचारशे ग्रॅमच्या मॅटचा एक थर, तो घट्ट करणाऱ्या रेझिनसह, दर चौरस मीटरला दीड किलोच्या आसपास भरतो. तळ आणि कुशी मिळून सहा चौरस मीटर धरले, तर दोन थरांचे वजन अठरा-एकोणीस किलो होते, आणि मूळ सांगाडाच शंभर किलोच्या आसपास असलेल्या होडीला हा भार कायमचा जडतो. जॅक होल्ट यांनी 1956 साली आखलेली ही होडी हलकेपणावरच चालते. 1982 च्या आशियाई स्पर्धांतील शिडाच्या होड्यांच्या शर्यती मुंबईत झाल्या, तेव्हा त्यांत एंटरप्राइजचाही वर्ग होता. शिवाय आपल्या होडीचे पाणी तळातून येत आहे असे मानायला अजून काहीच आधार नाही, आणि बाहेरून थर चढवल्यास आत मुरलेले पाणी तेथेच कोंडले जाईल.

म्हणून प्रथम पाण्याची वाट शोधावी. टाकीचे झाकण बंद करून निचऱ्याच्या भोकातून रबरी नळीने तोंडाने हवा भरावी आणि दुसऱ्या व्यक्तीने सर्व सांध्यांवर साबणाचे पाणी ब्रशने लावावे. काँप्रेसर मुळीच लावू नये, कारण थोड्याशा जास्त दाबानेही जुना सांधा उकलतो. बुडबुडे बहुधा झाकणाच्या कड्याभोवती, फिटिंगच्या स्क्रूंपाशी, डेक आणि तळ यांच्या जोडावर किंवा सेंटरबोर्डच्या (तळातून पाण्यात सोडायच्या उभ्या फळीच्या) पेटीच्या बुडाशी दिसतात. त्यानंतर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सगळीकडे ठोकून पाहावे; निरोगी भाग खणखणीत वाजतो, सुटलेला किंवा भिजलेला भाग बद्द वाजतो. अशा जागांभोवती पेन्सिलीने रेषा आखून ठेवाव्यात. जेलकोटवरील (बाहेरच्या चकचकीत थरावरील) बारीक तड्यांना मात्र लगेच घाबरू नये. एखाद्या फिटिंगभोवती ते किरणांसारखे पसरले असतील, तर त्या फिटिंगखाली आधार कमी पडतो आहे. मूळ आराखडा प्लायवूडसाठी असल्यामुळे या होडीच्या कुशीला दोन स्पष्ट कडा आहेत, आणि त्या कडेला समांतर तडे दिसले, तर तेथील थर वाकत आहे असे समजावे.

मऊ झालेली मागची फळी हे सर्वांत महत्त्वाचे काम आहे, कारण सुकाणूचा सारा ताण तेथे येतो. फायबरच्या दोन थरांमधले प्लाय बिजागऱ्यांच्या बोल्टवाटे भिजून कुजले असावे. बाहेरची बाजू शाबूत ठेवून आतला थर कापून काढावा, कुजके लाकूड खरवडावे आणि मग घाई न करता वाळू द्यावे. वाळवण्यापूर्वी ती जागा गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुणे अत्यावश्यक आहे, कारण आत राहिलेले मीठ हवेतील ओलावा ओढत राहते. वाळले की नाही हे पाहण्यासाठी प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून उन्हात ठेवावा. आतून दव धरले, तर अजून थांबावे. नवे लाकूड आयएस 710 प्रतीचे मरीन प्लायच असावे आणि ते बसवण्यापूर्वी त्याच्या कडांना एपॉक्सी (दोन भाग कालवून घट्ट होणारे रेझिन) पाजावे.

येथे पॉलिएस्टर रेझिन वापरू नये, हे मी स्वतःच्या नुकसानीवरून सांगतो. माझ्या पहिल्या होडीत सेंटरबोर्डच्या पेटीचा सांधा मी पॉलिएस्टर आणि मॅटने बुजवला होता, आणि पुढच्याच हंगामात तो अख्खा पट्टा हाताने सोलून निघाला. जुन्या, पूर्ण कडक झालेल्या थरावर पॉलिएस्टरची पकड कमजोर असते. एपॉक्सीची पुष्कळ चांगली असते. मात्र एपॉक्सीबरोबर नेहमीची मॅट न घेता विणलेले कापड घ्यावे, कारण त्या मॅटमधला बांधक पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो, एपॉक्सीने नाही. कडेला जाडीच्या बारापट उतार घासावा, म्हणजे दोन मिलिमीटर जाडीला सुमारे अडीच सेंटिमीटर. हार्डनर (घट्ट करणारा दुसरा भाग) जास्त घातल्याने एपॉक्सी लवकर पक्के होत नाही, ते कच्चे राहते; प्रमाण डब्यावरचेच आणि काट्यावर तोलूनच. आपल्याकडच्या उष्म्यात एका वेळी शंभर-दीडशे ग्रॅमपेक्षा जास्त कालवू नये आणि ते पसरट भांड्यात ठेवावे. दुसऱ्या थरापूर्वी पृष्ठभागावरचा मेणचट पापुद्रा पाण्याने घासून धुवावा. शेवटी वर जेलकोट न लावता दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग द्यावा, कारण एपॉक्सीवर जेलकोट नीट सुकत नाही.

पुढेमागे कोठे पॉलिएस्टर वापरलेच, तर त्याचे हार्डनर आणि कोबाल्टचा अ‍ॅक्सिलरेटर (घट्ट होण्याचा वेग वाढवणारे द्रावण) कधीही थेट एकमेकांत मिसळू नयेत. त्याने स्फोट होऊ शकतो. घासताना चांगला मास्क हवाच.

फिटिंग परत बसवताना प्रत्येक भोक थोडे मोठे करून एपॉक्सीने भरावे आणि त्यातून नवे भोक पाडावे, म्हणजे पाणी प्लायपर्यंत पोहोचणारच नाही. सांध्याला सिलिकॉन लावू नये. त्याचा तवंग राहिला की पुढे त्यावर काहीच चिकटत नाही. पॉलियुरेथेन सीलंट वापरावे. डोलकाठीच्या तारांवरून सुती फडके फिरवावे, धागा अडकला तर ती तार बदलावी.

थर देण्याचे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात करावे. पावसाळ्यात करू नये. पावसाळ्यात होडी छपराखाली, टाक्यांची झाकणे उघडी ठेवून, रुंद आणि मऊ आधारांवर ठेवावी, अंगाला घट्ट गुंडाळलेल्या ताडपत्रीत नव्हे.

साबणाच्या चाचणीत बुडबुडे नेमके कोठे आले ते कळवावे. पेटीच्या बुडाशी आले असतील, तर दुरुस्तीसाठी होडी उलटी करावी लागेल, आणि त्या कामाची पद्धत मी स्वतंत्रपणे लिहीन.