थंडीच्या दिवसांत गोधडी शिवावी की जंगलात जावं?

प्रश्न : ताई नमस्कार, मी नागपूरला मनीषनगरात राहते, वय 54. मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली अन् दिवाळी झाली की घर खायला उठतं, सहा वाजत नाहीत तर अंधार, संध्याकाळ जाता जात नाही. सासूबाईंच्या सुती साड्यांची पेटी घरात आहे, गोधडी शिवावीशी वाटते पण कधी शिवली नाही. हे म्हणून राहिले की 31 डिसेंबरला वाघ बघायला जाऊ, पण मागच्या सफारीतून मी आणखीनच दमून आले होते. काय करू?

उत्तर : ताई, दोन्ही करा, फक्त दोन्हीतली घाई काढून टाका. तुमचं पत्र वाचताना मला हेच वाटत होतं की तुम्हाला काहीतरी मिळवायचं नाहीये, तुम्हाला ती संध्याकाळ सुखानं घालवायची आहे.

आधी गोधडी. पहिलीच गोधडी डबलबेडची घेऊ नका, तिथेच बहुतेक जणी सोडून देतात. पेटीतली एक मऊ झालेली सुती साडी काढा, सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर असते, तिची लांबी तीन सारख्या भागांत दुमडली की सहा फूट लांब अन् साडेतीन फूट रुंद असे तीन थर आपोआप तयार होतात, एका माणसाला मस्त पुरतं. सिंथेटिक साडी नकोच, थर सरकतात अन् आत दमट होतं. साडी गरम पाण्यात धुऊन खळ पूर्ण काढा, काठ जरीचा असेल तर तो कापून बाजूला ठेवा, जरीचे धागे टोचतात. मग फरशीवर पसरा, कोपऱ्यांवर वजन ठेवा, तळहातानं मधून कडेकडे सुरकुत्या सारत जा अन् आधी लांब लांब कच्चे टाके घाला. हे कच्चे टाके टाळू नका, नाहीतर मध्यापर्यंत येता येता कापडाचा फुगा येतो अन् मग सगळं उसवावं लागतं.

दोरा जाड सुती घ्या, गांधीबागेच्या बाजारात मिळून जाईल, अन् हातभरच तोडा, जास्त लांब घेतला की गुंता होतो. मेणबत्तीवरून एकदा ओढून घेतला की छान सरकतो. सुई टोचू नये म्हणून मधल्या बोटात अंगुस्तान, म्हणजे शिवणाचं टोपण, घाला. गाठ थरांच्या आत लपवायची, मग सुईवर तीन-चार टाके एकदम घ्यायचे, सुई ओढायची, डाव्या हातानं कापड सपाट करायचं, पुन्हा तीन-चार टाके. सुरुवातीला टाके लहानमोठे येतील, येऊ द्या. फार घट्ट ओढू नका अन् फार दाटही घालू नका, कारण ऊब येते ती थरांमध्ये अडकलेल्या हवेमुळे, टाक्यांनी सगळं चपटं करून टाकलं तर हवा राहणार कुठे. दोन ओळींत दोन बोटं अंतर पुष्कळ झालं.

अन् शिवायला संध्याकाळ नका निवडू, डोळ्यांना त्रास होतो. आपल्याकडे हिवाळ्यात रात्री पारा 10च्या खाली जातो पण आभाळ स्वच्छ असलं की दुपारी चांगलं ऊन असतं, गच्चीवर सतरंजी टाकून तासभर बसा, शेजारच्या एखाद्या काकूंनाही बोलवा, त्यांना गोधडी येत असेल तर आणखी चांगलं. संध्याकाळी तुरीच्या शेंगा सोलायला घ्या, सोलेभात टाका, मुलीला व्हिडिओ कॉलवर दिवसभराच्या ओळी दाखवा. अंधार पडेपर्यंत हाताला काम झालेलं असलं की तो अंधार तेवढा अंगावर येत नाही, हे मी खात्रीनं सांगते.

आता जंगल. भाऊजींना माझ्याकडून सांगा, 31 डिसेंबर नको. 2024च्या 31 डिसेंबरला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगावच्या सफारीत जिप्स्यांनी वाघीण अन् तिच्या पाच पिल्लांना घेरलं होतं, पुढे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. मला ते अजून आठवलं की वाईट वाटतं. अशा गर्दीत त्या वाघिणीलाच शांती नाही तर तुम्हाला कुठून मिळणार?

जानेवारीतला मधला वार बघा, ताडोबा मंगळवारी बंद असतो एवढं लक्षात ठेवा. मी तुमच्या जागी असते तर पेंचच्या जंगलात सिल्लारीला एक रात्र मुक्काम केला असता अन् दुपारची सफारी घेतली असती. पहाटेच्या उघड्या जिप्सीत वारा कानात शिरतो अन् निम्मं लक्ष थंडीकडेच जातं. गाइडला बसल्या बसल्याच सांगून टाका की वाघाच्या मागे पळायचं नाही, पाण्याजवळ गाडी बंद करून थांबू. मग बघा, झाडावर वानरं पाला खातात, अर्धा खाली टाकतात अन् तो खायला चितळं बरोबर त्याच झाडाखाली जमतात. वानर खाकरलं की चितळांच्या माना एकदम वर होतात, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, अन् तेवढ्यात वाघ निघाला तर निघाला, नाहीतर बिबट्या, नाहीतर काहीच नाही, तरी ती दोन मिनिटं तुमचा श्वास त्या कळपाबरोबर थांबलेला असतो.

रात्री जेवण झाल्यावर खोलीत जाऊन टीव्ही लावू नका. महाराष्ट्रातला पेंच 2024च्या जानेवारीत भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचं आभाळ अंधारं राखलेली जागा, ठरलं, आजूबाजूच्या गावांतल्या दिव्यांचा उजेड खाली जमिनीकडेच पडेल असा केलाय. अमावस्येच्या आसपासची तारीख धरा, मृग नक्षत्र अन् कृत्तिका मान वर केली की दिसतात, शहरात आपण ते विसरूनच गेलो आहोत. गोधडी तोवर झाली असेल तर तीच पांघरून बसा.

एवढं जमत नसेल तर गोरेवाडा तलावावर सकाळी फिरायला जा. थंडीत नागपूरच्या आसपासच्या तलावांवर हिमालय ओलांडून पट्टकादंब नावाचे हंसासारखे पक्षी येतात, डोक्यावर दोन काळे पट्टे, पाण्याच्या कडेला चरत असतात. खर्चही फार नाही.

एक मात्र मनापासून सांगते, उदासी दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकली, झोप-भूक गेली, तर गोधडीवर विसंबू नका, डॉक्टरांकडे जा. टेली मानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

प्रश्न : मी हिंगण्याला रूम करून राहतो, शिफ्टची नोकरी आहे. आईसाठी गोधडी शिवायची आहे, मशीनवर शिवली तर चालेल का? अन् मुलानं शिवली तर लोक हसतील का?

उत्तर : दादा, हसले तर हसू दे, आई हसणार नाही. मशीनवर चालेल, पण थर दोनच ठेव, कच्चे टाके जवळ जवळ घाल अन् मशीनचा टाका मोठा कर, नाहीतर कापड गोळा होतं. शिफ्टवरून आल्यावर डोकं शांत करायचं असेल तर मात्र बाहेरची कड तेवढी हातानं शिव, रोज एक बाजू केली तरी पुरे.