आजी फेऱ्या का मोजत नाही?

डब्लिन, श्रावणातला पहिला रविवार

चि. सईस अनेक आशीर्वाद.

ठाण्याहून आलेला तुझा मेसेज ऑफिसात वाचला. दोन ओळींत उत्तर टाकू म्हटलं, तर ते काही जमेना. म्हणून हे पत्र. जोडाक्षरं अडली तर आजीकडून वाचून घे. तिच्याबद्दल लिहिलेलं आलं की ती ‘काहीतरीच लिहितो मेला’ म्हणेल, तिकडे लक्ष देऊ नकोस.

तू विचारलंस ते असं : ‘बाबा, आजी रात्री जेवल्यावर गॅलरीत फेऱ्या मारते. मी मोजल्या. अकरा झाल्या, पण चाळीस मिनिटं लागली, कारण ती प्रत्येक दारात थांबते. मग हा व्यायाम कसा? आणि आजी ७९ वर्षांची असून दोन जिने न थांबता चढते. तू मात्र मागच्या वर्षी पहिल्याच मजल्यावर धापा टाकत उभा होतास. असं का?’

माझ्या दोन्ही हातांत तेवीस-तेवीस किलोच्या बॅगा होत्या, एवढं नोंदवतो आणि पुढे जातो.

जेवल्यावर चालायचं त्याला शतपावली म्हणतात. शत म्हणजे शंभर, शंभर पावलं. सुश्रुतसंहिता नावाचा आपल्याकडचा प्राचीन वैद्यकग्रंथ आहे. त्यात म्हटलंय की जेवण झाल्यावर आधी राजासारखं स्वस्थ बसावं, जेवणाचा शीण गेला की शंभर पावलं चालावं आणि मग डाव्या कुशीवर पडावं. दुपारच्या झोपेला आपण वामकुक्षी म्हणतो ना, ती हीच डावी कूस. तुझ्या आजोबांनी यातलं राजासारखं बसणं आणि कुशीवर पडणं आयुष्यभर निष्ठेने पाळलं. मधली शंभर पावलं तेवढी गाळली.

आजचे डॉक्टरही जेवणानंतर थोडं चाला म्हणतात, आणि कारण साधं आहे. भात-पोळी पोटात गेली की तासाभरात रक्तातली साखर वाढायला लागते. त्याच वेळी पाय चालत असले तर पायांचे स्नायू त्यातली बरीच साखर स्वतःच्या कामासाठी उचलतात. त्यासाठी धावावं लागत नाही की घाम गाळावा लागत नाही. आजीच्या चपलांची फटफट चालू असते त्या चालीनेही होतं. आपल्या नात्यात दर दुसऱ्या घरी मधुमेह आहे, तेव्हा ही फटफट हसण्यावारी नेऊ नकोस.

आता आकड्यांचं. तू स्वतःचं घड्याळ आजीच्या मनगटाला बांधून दिवसभराची पावलं मोजलीस, हे मला फार आवडलं. ५,३४०! माझं घड्याळ तर १०,००० झाल्याशिवाय मला झोपू देत नाही. रात्री अकराला मी ओट्यापासून दारापर्यंत येरझारा घालत असतो आणि तुझी आई म्हणते, पिंजऱ्यातल्या वाघासारखं काय करतोस. पण हा दहा हजारांचा आकडा आला कुठून, ठाऊक आहे? १९६० च्या दशकात जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं. त्याचं नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. आकडा गोल होता, लक्षात राहणारा होता, तो जगभर चिकटला. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेतल्या १६,७४१ बायकांच्या पावलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचं सरासरी वय ७२ होतं. दिवसाला २,७०० च्या आसपास चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० च्या आसपास चालणाऱ्यांमध्ये पुढच्या काही वर्षांतले मृत्यू बरेच कमी दिसले, आणि ७,५०० च्या पुढे गेल्यावर आणखी फायदा दिसला नाही. मुळात ज्यांची तब्येत बरी त्याच जास्त चालत असतील, हेही त्यात आलंच. तरी तुझी आजी त्या हिशोबात अगदी बरोबर बसते. माझी अकरा वाजताची येरझार कशात बसते ते मला माहीत नाही.

पण ही पाच हजार पावलं येतात कुठून? एकट्या गॅलरीतून नक्कीच नाहीत. तू तिच्याबरोबर जांभळी नाक्याला जातेस, तेव्हा एक गंमत पाहिली असशील. ती कधीही दोन दिवसांची भाजी घेत नाही. आज पावशेर करटोली, उद्या टाकळ्याची जुडी, परवा अळू. तिथे पावसाळ्यात रानभाज्या घेऊन बसणाऱ्या बायका असतात, त्यांच्यातली एक आजीला नावाने हाक मारते. मग सोमवार असेल तर कौपिनेश्वर, नाही तर तलावपाळीच्या कट्ट्यावर पाच मिनिटं, आणि पुस्तक वाचून झालं असेल तर मराठी ग्रंथसंग्रहालय. ते १८९३ सालचं आहे, तुझ्या पणजोबांच्याही आधीचं. मी तिला मोबाइलवर वाचायला शिकवलं होतं. तिने ते शिकून घेतलं, मला बरं वाटावं म्हणून, आणि दुसऱ्या दिवशी छत्री घेऊन पुस्तक बदलायला निघाली.

तीन वर्षांपूर्वी मी याहून मोठा शहाणपणा केला होता. इथे बसून तिच्यासाठी घरपोच भाजीचं अ‍ॅप लावलं. पावसात तिने चिखलातून जाऊ नये, गुडघ्यांना त्रास नको, असा माझा उदात्त हेतू. पहिल्या दिवशी दहा-पंधरा मिनिटांत मुलगा दारात पिशवी घेऊन उभा. आजीने मला फोन केला : ‘कोथिंबीर शिळी आहे.’ दुसऱ्या दिवशी, भेंडी जून आहे. तिसऱ्या दिवशी, पिशवी कागदाची आहे, भिजते. आठवड्याने मी वैतागून विचारलं, अगं आई, तुला नक्की काय हवंय? तर थोडा वेळ ती काही बोललीच नाही. मग म्हणाली, ‘सगळं तू दारात आणून दिलंस, तर मी जाऊ कुठे?’

मी त्याच संध्याकाळी ते बंद केलं. तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथे आहे, सई. आजीने व्यायाम म्हणून आयुष्यात एक पाऊल टाकलेलं नाही. तिला नेहमी कुठेतरी जायचं असतं.

बसण्याचं म्हणशील तर तेही तसंच. विळीवर भाजी चिरायला खाली, ताक घुसळायला खाली, पूजेला पाटावर खाली. दिवसातून दहा वेळा जमिनीवर बसणं आणि उठणं होतं. ब्राझीलमधल्या काही डॉक्टरांनी यावर एक साधी चाचणी बसवली आहे. उभ्याने जमिनीवर बसायचं आणि पुन्हा उठायचं, एकूण दहा गुण. हात, गुडघा, कशाचाही टेकू घेतला की दर वेळी एक गुण वजा, तोल गेला तर अर्धा. २०१२ मध्ये त्यांनी ५१ ते ८० वयाच्या दोन हजार माणसांची माहिती मांडली. ज्यांना कमी गुण होते त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूंचं प्रमाण जास्त निघालं. मांडी घातली की आयुष्य वाढतं, असा याचा अर्थ नाही हं. पाय, कंबर, तोल सगळं शाबूत असेल त्यालाच ते जमतं, एवढंच. मी काल करून पाहिलं, सहा गुण पडले. तू आत्याला करायला लाव. आजीला मात्र मुद्दाम करायला लावू नकोस, उत्साहाच्या भरात पडायची.

आता एक कडू भाग. आजीच्या काळातलं सगळंच चांगलं होतं असं तुला कुणी सांगेल, ते खरं धरू नकोस. मी तुझ्याएवढा असताना आजी सगळ्यांची पानं उठल्यावर जेवायची, दुपारी तीनला, आणि पातेल्यात जे उरलं असेल ते. भाजी संपलेली असायचीच, मग चटणी नाही तर लोणचं. आठवड्यात दोन उपवास, वर चातुर्मासाचे नेम. एकदा ती ओट्यापाशी चक्कर येऊन पडली तेव्हा कळलं की रक्त फार कमी आहे. कितीतरी महिने लोहाच्या गोळ्या चालल्या होत्या. आपल्या आईच्या ताटात काय पडतं ते आम्ही भावंडांनी कधी पाहिलंच नव्हतं. हे मराठी वळण म्हणून तुला कुणी कौतुकाने सांगितलं तर सरळ उठून आजीचं ताट आपल्या शेजारी मांड. आत्ता ती तुझ्याबरोबर बसून, वरण-भात, भाजी, कोशिंबीर असं वेळेवर जेवते ना, ती तिची जुनी सवय नाही. साठीनंतर लागलेली आहे, आणि त्यासाठी आत्याला तिच्याशी चक्क भांडावं लागलं.

आणि आजोबा? त्याच स्वयंपाकघरातलं, त्याच हातचं जेवले. पण खिशात तंबाखूची डबी, दिवसाला सहा कप गोड चहा आणि बाजारहाट म्हणजे बायकांचं काम ही समजूत. ६१ व्या वर्षी हृदयविकाराने गेले. तुला ते फोटोतच भेटले. म्हणून कुणी म्हणालं की तूप-भात खाल्ला की झालं, तर मला आजोबांची ती डबी आठवते.

आजीलाही रक्तदाबाची गोळी चालू आहे, बरं का. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि आजीचा लिंबाच्या लोणच्यावर जीव. बरणी वरच्या फळीवर ठेवलीस तरी ती स्टूल घेऊन चढेल, त्यापेक्षा खालीच असू दे.

राहिला तुझा खरा प्रश्न, प्रत्येक दारात थांबण्याचा. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. तू पाहिलेल्या त्या टोकाच्या खोलीतल्या काकू एकट्या राहतात. रात्री पावणेनऊला त्यांचा टीव्ही हमखास चालू असतो, तोही मोठ्याने, कारण त्यांना कमी ऐकू येतं. एका रात्री शतपावली करताना आजीला टीव्ही ऐकू आला नाही. दार वाजवलं, उत्तर नाही. एक चावी आजीकडे असते, तशी आजीची एक चावी त्यांच्याकडे. दार उघडलं तर काकू न्हाणीघरात पडलेल्या, दुपारपासून. खुब्याचं हाड मोडलं होतं. आज त्या वॉकर घेऊन दारापर्यंत येतात आणि आजी पाचव्या फेरीला त्यांच्याशी कालच्या मालिकेबद्दल वाद घालते. तुला जो वेळेचा खोळंबा वाटतो ना, तो हा.

अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात १९३८ पासून माणसांच्या आयुष्यांचा एक अभ्यास चालू आहे. तेव्हाच्या तरुणांना म्हातारपणापर्यंत विचारत राहिले : तब्येत कशी आहे, घरी कसं आहे, कोणाशी बोलता. त्यात दिसलं असं की पन्नाशीत ज्यांचं आपल्या माणसांशी छान होतं, ते ऐंशीत जास्त धडधाकट राहिले. आजीला हे फोनवर सांगितलं, तर म्हणाली, ‘एवढी वर्षं लागली होय त्यांना?’

मला काळजी वेगळीच आहे. आपली बिल्डिंग पुनर्विकासाला जाणार हे तू ऐकलं असशीलच. नौपाड्यातल्या अशा कितीतरी जुन्या इमारती गेल्या. नवीन टॉवरमध्ये लिफ्ट येईल, आणि ती यायलाच हवी, ऐंशीच्या पुढच्या गुडघ्यांना जिने किती दिवस पुरणार? पण गॅलरी राहणार नाही. बंद दारांचा पॅसेज येईल. मधली दोन-तीन वर्षं कोणी कळव्याला भाड्याने राहील, कोणी डोंबिवलीला लेकाकडे. मी सोसायटीच्या मीटिंगला ऑनलाइन बसतो तेव्हा सगळे कार्पेट एरियावर बोलत असतात. मागच्या वेळी मी विचारलं, प्रत्येक मजल्यावर बसायला एखादा बाक ठेवता येईल का? बिल्डरचा माणूस म्हणाला, सर, खाली पोडियमवर सीनियर सिटिझन झोन आहे. माझ्या दुसऱ्या फोनच्या स्पीकरवर ऐकत असलेल्या आजीने मोठ्याने विचारलं, ‘तिथून काकूंचा टीव्ही ऐकू येईल का?’ माझा माइक चालू होता.

तू तिथे आहेस तोवर एक काम कर. आजीबरोबर फेऱ्या मार, पण मोजू नकोस. कोणत्या दारात काय बोलणं झालं ते मला लिही. काकूंच्या घराची चावी आजीकडे अजून खुंटीवर आहे का तेही बघ. भाड्याच्या घरी जायची वेळ येईल, तेव्हा त्या दोघींना एकाच इमारतीत जागा मिळावी म्हणून आत्या आणि मी आत्तापासून शोधायला लागलोय. दोन वन बीएचके, लिफ्ट असलेली, जांभळी नाक्याला चालत जाता येईल अशी. अजून तरी सापडलेली नाहीत.

आणि हो, आजवर मी तुमच्या रात्री पावणेनऊला फोन करायचो, आजी उचलायची नाही आणि मी चिडायचो. आता साडेनऊला करत जाईन. आजीला सांग.

तुझा,
बाबा